आजीच्या शालूचे चौदा बटवे

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सात बायकांचा बचत गट आहे. जुन्या साड्यांपासून बटवे, पाकिटं, झोळ्या, केसांचे रबर, कापडी कानातली असं शिवून विकणं हे त्यांचं काम. या गटाचा हिशेब मी ठेवते आणि ऑर्डरीही मीच घेते. गावाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. बाकी जे घडलं ते सगळं मांडते आहे, कारण जुन्या कापडाला कातर लावणाऱ्या प्रत्येकीवर कधी ना कधी ही वेळ येते.

जुनं कापड टाकून द्यायची रीत आपल्याकडे नव्हतीच. बोहारीण दारात आली की साड्या देऊन स्टीलचा डबा नाहीतर पातेलं घ्यायचं. लुगडं फारच मऊ झालं की त्याचं दुपटं व्हायचं, आणि तेही फाटलं की वाकळेच्या पोटात जायचं. पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात तिला आमच्याकडे वाकळ म्हणतात. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना आम्ही आक्का म्हणतो. त्यांची उमर वाकळा शिवण्यात गेली. बाकीच्या सहाजणी मशीनवर शिकलेल्या.

गटाकडे दोन तऱ्हेचं काम येतं. एक म्हणजे बोहारणीकडून ढिगाने घेतलेल्या साड्या. त्यात चुकून वेडंवाकडं कापलं गेलं तरी तो तुकडा रबराला जातो, फार नुकसान होत नाही. दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःची साडी आणून देणं. तिथे चुकलं तर बदली कापड बाजारात मिळत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत हे आम्हाला तोंडाने सांगता येत होतं, पण दोन्ही कामं आम्ही एकाच टेबलावर, एकाच सवयीने करत होतो.

त्या सवयीबद्दल सांगायला हवं. बोहारणीकडून येणाऱ्या साड्यांत बहुतेक जॉर्जेट, शिफॉन, सिंथेटिक सिल्क, म्हणजे पॉलिस्टर असतं. पॉलिस्टर वीस वर्षं घडी घालून ठेवलं तरी घडीवर तुटत नाही. नाडी ओढा, उलटंसुलटं करा, ते सोसतं. आमच्या हातांना जुन्या साडीची जी ओळख झाली होती, ती खरं तर जुन्या पॉलिस्टरची होती.

ऑर्डर

एक काकू आल्या. साठीकडे झुकलेल्या. त्यांच्या आईचा लग्नातला बनारसी शालू होता, साठ वर्षांपूर्वीचा. जांभळ्या रंगाचा, अंगभर जरीची बुट्टी आणि पदरावर मोठ्या कोयऱ्या. आई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. काकूंच्या मुलीचं लग्न वीस दिवसांवर आलं होतं. घरातल्या चौदा लेकी-सुना-नातींच्या हातात मांडवात त्या शालूचा एकेक बटवा असावा अशी त्यांची इच्छा होती. जुनी जर घेणाऱ्या माणसाने शालू मागितला होता, असंही त्यांनी सांगितलं. असे लोक शालू जाळतात आणि जरीतली चांदी काढून घेतात. काकूंना ते सहन होण्यासारखं नव्हतं.

शालू मीच घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. वरची एक घडी उचलून बघितली, रंग बघितला, "किती सुंदर आहे हो" म्हटलं. बटव्याला तीनशे रुपये, चौदाचे चार हजार दोनशे, आगाऊ दोन हजार. पावती फाडली आणि शालू कपाटात ठेवून दिला. पूर्ण उलगडून बघितला नाही. पुढच्या सगळ्याची सुरुवात इथे आहे आणि ती माझ्याकडून झाली आहे.

अडचण

आठव्या दिवशी कटिंग सुरू झालं. पदर सगळ्यात देखणा म्हणून वहिनींनी (गटप्रमुखांना सगळ्या वहिनी म्हणतात) पदरापासूनच सुरुवात केली. पदराकडची चाळीस इंच कापून काढली आणि त्यातून नऊ बाय दहाचे सहा तुकडे काढले. तीन बटव्यांचे पुढचे-मागचे भाग. पहिले दोन बटवे शिवून झाले. तिसऱ्यात नाडी ओवली आणि तोंड जुळतं का बघायला वहिनींनी ती ओढली.

फार बारीक आवाज आला. वाळलेलं पान मुठीत चुरगळावं तसा. नाडीच्या खाचेखाली कापड आडवं फाटलं होतं, पण दोऱ्याची शिवण शाबूत होती. वहिनींनी तो बटवा उलटा करून खिडकीसमोर धरला. मशीनच्या टाक्यांच्या ओळीलगत रेशीम तुटलं होतं आणि जरीचे धागे मधल्या फटीवर तसेच लोंबत होते. मग आधीचे दोन बटवे ओढून बघितले. एक टिकला. दुसरा गेला.

उरलेला शालू तेव्हा पहिल्यांदा उलगडला. चटईवर पसरून दोघींनी दोन टोकं धरून उजेडात उचलला, तर त्यावर जाळीसारख्या रेघा दिसल्या. वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने घातलेल्या घडीच्या रेघा. पन्ह्यात चार पट, म्हणजे दर सव्वाअकरा इंचांवर एक रेघ, आणि लांबीत दर साडेतेरा इंचांवर एक. त्या रेघांवर जागोजागी उजेड आरपार येत होता.

असं का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. रेशीम हा प्राण्याचा धागा आहे. ऊन, घाम आणि कोंदट हवा यांनी तो आतून कमजोर होतो. घडी मोडते तिथे तोच धागा वर्षानुवर्षं वाकलेला राहतो आणि तिथेच आधी तुटतो. पूर्वी रेशमाला वजन यावं म्हणून धातूच्या क्षारांची प्रक्रियाही करत, तसलं रेशीम तर लवकर ठिसूळ होतं. त्यात शालूची जर जड. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार. तिचं वजन विरलेल्या रेशमावर सतत लोंबत असतं. आणि वर आम्ही काय केलं, तर चौदा नंबरची जाड सुई आणि बारीक टाका लावला. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण हे नव्या कापडाचं गणित. विरलेल्या रेशमावर तीच ओळ पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते: भोकं पाडून ठेवायची आणि मग ओढायचं. त्यात बटव्याचा सगळा ताण तोंडाशीच येतो, कारण नाडी तिथेच असते.

लग्नाला बारा दिवस उरले होते.

पर्याय

त्या संध्याकाळी सातहीजणी बसलो. जे सुचवलं गेलं ते सगळं इथे सांगते, न पटलेलंही.

पहिली सूचना अशी होती की तशाच रंगाचं बनारसी ब्रोकेड बाजारात मीटरवर मिळतं, ते आणावं आणि बटवे शिवून द्यावेत. "कुणाला कळणाराय?" हे म्हणणारी बाई लबाड नाही. तिच्या घरी त्या महिन्यात दवाखान्याचं बिल होतं आणि पैसे हातचे जाणार याची तिला भीती वाटत होती. पण काकूंना हवा होता तो त्यांच्या आईचा शालू, नुसतं जांभळं ब्रोकेड नव्हे. दुसरं कापड घालून "ही तुमच्या आईची आठवण" म्हणत हातात ठेवणं ही फसवणूक आहे. त्या रात्री यावर वाद झाला नाही, पण बराच वेळ कुणी काही बोललंही नाही.

दुसरा पर्याय फ्युजिंगचा. गोंदाचा थर असलेलं कापड मागून इस्त्रीने चिकटवायचं. ड्रेसच्या गळ्याला आम्ही रोज वापरतो. वहिनींचा कल याच्याकडे होता, कारण यात वेळ वाचत होता. पदराच्या कातरणीवर करून बघितलं. गोंद रेशमातून वर येऊन डाग पडला, कापड कागदासारखं कडक झालं, आणि कडक झाल्यावर घडीच्या रेघेवर आणखी चटकन तडकलं. इस्त्री कमी केली तर चिकटेना. बाजूला ठेवलं.

तिसरा पर्याय, शालू आणि आगाऊ रक्कम परत करून माफी मागायची. हे प्रामाणिक होतं. पण पदर कापलेला होता. अर्धा कापलेला शालू परत देणं म्हणजे काकूंच्या हातात ना शालू ना बटवे.

चौथा आक्कांनी सांगितला. त्या इतका वेळ गप्प होत्या. फाटलेला बटवा त्यांनी मांडीवर घेतला, अंगठ्याने चाचपला आणि म्हणाल्या, "रेशीम मेलं न्हाई, त्याला आता वज्जं सोसत न्हाई. वाकळंत वरचा पदर कवा वज्जं घेतुया? वज्जं खालचं घेतंय, आन् टाकं वाटून घेत्यात."

हे आम्ही सगळ्या बघत मोठ्या झालो होतो आणि तरी सुचलं नव्हतं. वाकळेत वर विरलेलं लुगडं असतं, पण ते फाटत नाही. त्याच्या खाली चार-पाच थर असतात आणि अंगभर धावदोरा असतो. ताण एका शिवणीवर न येता शेकडो छोट्या टाक्यांवर पसरतो. म्हणजे शालूने बटव्याचं ओझं उचलायचंच नाही. त्याने वर नुसतं बसायचं.

सांगायचं कधी

खरा प्रश्न याहून वेगळा होता: काकूंना आत्ता सांगायचं, की उपाय पक्का झाल्यावर? बहुमत "आधी एक नमुना करू, मग सांगू" असं होतं. माझंही. लग्नघरात आधीच धावपळ असते, त्यात ही बातमी कशाला, असं आम्ही एकमेकींना समजावलं. खरं कारण संकोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींना म्हटलं की शालू त्यांचा आहे, उपायही त्यांना विचारूनच ठरायला हवा. वहिनींनी फोन केला. काकू अकरा वाजता आल्या. आम्ही फाटलेला बटवा, कापलेला पदर आणि पसरलेला शालू, काहीही न झाकता समोर ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "काकू, घेतानाच बघायला हवं होतं. आम्ही बघितलं नाही. चूक आमची आहे."

काकू शालूशेजारी खाली बसल्या. बराच वेळ पदरावरच्या एका कोयरीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आईने हा नेसला कितीदा असेल? पाच-सहा वेळा. लग्नात, माझ्या बारशाला, भावांच्या मुंजीत. बाकी उभा जन्म सुती लुगड्यात गेला." आणि थोड्या वेळाने, आक्कांकडे बघून, "मावशी, खाली आधाराला थर लागतो म्हणालात ना? तिची दोन लुगडी आहेत माझ्याकडे. ती चालतील?"

हे आम्हाला एरवी कधीच सुचलं नसतं. आम्ही नवा पॉपलीन आणणार होतो.

काय केलं

आधी शालूचा नकाशा केला. उरलेल्या भागावर घडीच्या रेघांनी बावन्न चौकोन पडले होते. एकेक चौकोन दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणायचा, एकदा ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेने आणि एकदा बाण्याच्या, म्हणजे आडव्या. काही आवाज नाही, कापड परत जागेवर आलं, तर चांगला. बारीक करकर आली तर मध्यम. नुसत्या उजेडातच फट दिसली तर गेलेला. कच्च्या दोऱ्याच्या खुणा घातल्या: हिरवा, पिवळा, लाल. एकवीस हिरवे, सतरा पिवळे, चौदा लाल. घडीची रेघ हीच कापायची रेघ धरली. मग चौकोनाच्या आतलं कापड बऱ्यापैकी जिवंत निघालं. पदर कापताना हेच केलं असतं तर तीनही बटवे वाचले असते.

रचना बदलली. तोंडाला अडीच इंचाची नव्या खणाची पट्टी लावायचं ठरलं, नाडी फक्त त्या पट्टीतून. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, हिरवा. पाठही खणाचीच. शालू फक्त पुढच्या बाजूला, हिरव्या खुणेच्या चौकोनांतून. शालूखाली लुगड्याच्या सुती कापडाचे दोन थर, आणि तिन्हींमधून हाताने धावदोरा, ओळींत पाव इंचाचं अंतर. सुई बारीक, दोरा सुती. रेशमापेक्षा दोरा मजबूत असला तर दोराच रेशीम कापतो, म्हणून पॉलिस्टरचा दोरा बाजूला ठेवला.

दोन दिवस नमुन्यात गेले. पहिल्या नमुन्यात टाके मधूनच सुरू केले आणि वरचं रेशीम सरकून फुगा आला. आक्कांनी उसवायला लावलं. वाकळ टाचतात तसा आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळा तुकडा टाचून घेतला, मग कडेने आत येत धावदोरा घातला. दुसरा नमुना काकूंनी स्वतः नाडी ओढून बघितला. एकदा नाही, दहा-बारा वेळा.

एक गोष्ट ठरली ती काकूंच्या सांगण्यावरून. एरवी उरलेल्या चिंध्या गट ठेवून घेतो, त्यातून रबर होतात. इथे प्रत्येक तुकडा, लाल खुणेचे चौकोनसुद्धा, मलमलीत गुंडाळून परत द्यायचा.

पुढचे आठ दिवस पाचजणी हाताने टाके घालत होत्या, दोघी खणाच्या पट्ट्या आणि अस्तर मशीनवर करत होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चौदा बटवे पोचले.

निष्पत्ती

हिशेब सांगते, कारण हातकामाच्या गोष्टी सांगताना तो सहसा सांगितला जात नाही. ठरल्याप्रमाणे एका बटव्याला दीड तास लागायला हवा होता, लागले साडेचार. चौदा बटव्यांचे त्रेसष्ट तास. गटाचा दर तासाला साठ रुपये, म्हणजे मजुरी ३,७८०. खण, अस्तर, नाडी मिळून बटव्याला ८५ प्रमाणे १,१९०. वाया गेलेल्या तीन बटव्यांची मजुरी २७०. एकूण ५,२४०, आणि ठरलेले होते ४,२००. हजारावर तोटा. आम्ही जास्त मागितले नाहीत. काकूंनी आपणहून बटव्यामागे शंभर जास्त दिले, म्हणून हातात ३६० रुपये उरले. भाडं त्यातून निघत नाही. ते पैसे घ्यायचे की नाही यावर आमच्यात दोन मतं होती. मला वाटतं घेतले ते बरोबर, कारण वाढलेली मजुरी बायकांची होती आणि चूक ऑर्डर घेणारीची, म्हणजे माझी.

मांडवात बटवे सगळ्यांच्या हातात होते. एका नातीने बटवा उलटा करून आतलं लुगडं बघितलं, "हे आजीचं रोजचं" म्हणाली आणि तो उलटाच धरून फिरली, असं काकूंनी सांगितलं.

दिवाळीत दोन बटवे परत आले. शालूचं रेशीम दोन ओळींच्या मध्ये चिरलं होतं. मोजून बघितलं तर या दोन्हींवर ओळींमधलं अंतर अर्धा इंच निघालं. शेवटच्या रात्री घाईत शिवलेले ते हेच. बाकीच्या बारांवर पाव इंच होतं आणि ते शाबूत होते. आम्ही त्या दोघांवर जांभळ्या रंगाचं अगदी पातळ नेट पसरून बारीक टाक्यांनी बसवून दिलं, पैसे न घेता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, साडी घेताना. आता गिऱ्हाइकासमोरच साडी पूर्ण उलगडतो, उजेडात धरतो, चार ठिकाणी अंगठ्याने ताणून बघतो. काठाच्या आतून एक धागा काढून जाळतो. केस जळाल्याचा वास आणि चुरा होणारी राख आली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. जरीचा धागा जाळून बघितल्यावर मागे तार उरली तर ती धातूची. साडी कशात ठेवली होती, किती वर्षं, ड्रायक्लीन झाली होती का, हे विचारून पावतीच्या मागे लिहितो. पंधरा मिनिटं लागतात, त्याचे पन्नास रुपये घेतो. सुरुवातीला ते मागायला लाज वाटायची.

दुसरं, कुठून कापायचं. सगळ्यात देखण्या भागापासून सुरुवात करू नये. पदर शेवटी. पहिली कातर निरीच्या आतल्या टोकाला, सहा इंचाच्या पट्टीवर, आणि त्या पट्टीचा एक तुकडा पूर्ण शिवून, नाडी ओढून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिसऱ्या बाबतीत आमच्यात अजून एकमत नाही. वहिनींचं म्हणणं, साठ वर्षांचा शालू आला तर बटव्याची ऑर्डर घेऊच नये, चौकट करून भिंतीवर लावायला सुचवावं. आक्का म्हणतात, भिंतीवरचं कापड उन्हाने मरतं, हातातलं निदान हाताळलं जातं. मी दोघींच्या मध्ये आहे. पण कापायच्या आधी हे दोन्ही पर्याय काकूंसमोर ठेवायला हवे होते. त्यांनी बटवेच निवडले असते असं मला वाटतं, पण तसा प्रश्न आम्ही त्यांना कधी विचारलाच नव्हता.

आणि तो एक दिवस. शालू फाटल्याची संध्याकाळ ते दुसऱ्या दिवशीचे अकरा. त्याच संध्याकाळी फोन केला असता तर नमुन्याला एक दिवस जास्त मिळाला असता. शेवटच्या रात्री त्या दोन बटव्यांवर ओळींमधलं अंतर वाढलं, ते त्याच दिवसाच्या टंचाईने.